बिनानावाची बिडाची (ओतीव लोखंडाची) भांडी: ओळखताना आणि किंमत करताना या चुका टाळा

आत्याचं आप्पेपात्र मी वाया घालवलं, तिथूनच सुरुवात करतो. निलंग्याला तिच्या माळवदाच्या घरात चुलीमागच्या फडताळात ते पडून होतं. सात खळग्यांचं, दोन कानांचं, तळाला काजळीचा जाड थर. लातूरला आणून मी एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरला वायर ब्रश लावून ते घासून घेतलं, वर बफही मारला. चांदीसारखं चकचकीत करून परत नेलं, तर आत्या म्हणाली, "कामून घासलास रे एवढं? लगीन लावायलास का त्याचं?"

चूक नंतर लक्षात आली. तळाला काजळीखाली दोन उठावाची अक्षरं बोटाला लागत होती. काजळीबरोबर तीही गेली. ते कुठल्या ओतशाळेचं होतं, हे सांगू शकणारी तेवढीच एक खूण होती.

म्हणून आधी बघा, मग घासा. अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरून तळाचे फोटो घ्या. पुसट उठाव सावलीमुळे दिसतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तेही इथे चालतं. काजळीचा थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सुटतो. हातात रबरी मोजे हवेत आणि भांडं प्लॅस्टिकच्या टबात, ॲल्युमिनियमच्या घमेल्यात अजिबात नाही. गंजाला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी पुरतं, पण अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढा, नाहीतर गंज संपल्यावर ते लोखंडच खायला लागतं. "होळीत टाक, सगळं जळून जाईल" हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. जास्त तापलं की बीड वाकतं, त्यावर तांबूस कातडी धरते आणि मग गंजू नये म्हणून तापवून चढवलेला तेलाचा थर टिकत नाही.

तेलाचं म्हणाल तर आपल्याकडे शोधत बसायची गरज नाही. मराठवाड्यातलं करडईचं आणि जवसाचं, दोन्ही तेलं वाळून पापुद्रा धरणारी आहेत. शेंगदाण्याचं तेल तसं वाळत नाही. अगदी पातळ हात द्यायचा, जवळजवळ पुसूनच टाकायचा. जाड थर दिला की चिकट होतो आणि माणूस बिडाला दोष देतो.

आता ओळखीकडे. काळा आणि जड म्हणून प्रत्येक तवा बिडाचा नसतो. आपल्या भाकरीचे बरेच जुने तवे लोहारांनी किंवा घिसाड्यांनी घडवलेले असतात. घडवलेला तवा पातळ असतो, त्यावर घणाचे डाग दिसतात आणि हातातून पडला तर त्याला पोचा पडतो. बिडाला पोचा पडत नाही, ते फुटतं. शंका राहिलीच तर न दिसणाऱ्या कडेवर कानस दोनदा फिरवा. बिडाची काळपट भुकटी पडते आणि बोट शिसपेन्सिलीसारखं काळं होतं, कारण त्यात ग्रॅफाइट असतं. पोलादाचा कीस चमकतो. भांडं दोरीला टांगून चमच्याने टिचकी द्या. स्वच्छ घुमलं तर ठीक. भद्द वाजलं तर कुठेतरी बारीक तडा आहे, मग मागितलेल्या किमतीचा विचार सोडून द्या.

नावावरून फसणं तर रोजचंच. भांड्यावर नाव कोरलेलं असेल, म्हणजे खोलगट असेल, तर ते मालकाचं किंवा लग्नात आहेर देणाऱ्याचं. साच्यातून आलेलं, उठावाचं असेल तरच ते ओतणाऱ्याचं. आकड्यांचंही तसंच. '८' किंवा '३६' हा बहुतेक वेळा मापाचा किंवा फर्म्याचा, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा काढतात त्या नमुन्याचा, नंबर असतो. '३६' म्हणजे १९३६ असं ठासून सांगणारे मला दोघे भेटलेत. उर्दू अक्षरं दिसली की लगेच "निजामाच्या काळातलं" म्हणतात. मराठवाडा निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला, पण त्या दिवसापासून कुणी उर्दू लिहायचं थांबलं नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर मात्र वादच नाही: पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. "किर्लोस्करचं असेल" हेही नेहमीचं उत्तर. किर्लोस्करवाडी १९१० ची, तिथले नांगर गावोगाव पोचले, हे खरं. म्हणून सगळं बिनानावाचं बीड तिथलं होत नाही.

सगळ्यात फसवा नियम इंटरनेटवरून येतो. अमेरिकन भांड्यांच्या तळावर लांब गेटची रेघ असेल, म्हणजे रस ओतलेल्या जागेचा व्रण, तर ते साधारण १८९० च्या आधीचं मानतात. तिथे पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या ग्रिसवोल्डसारख्या कारखान्यांचे शिक्केच सापडतात आणि त्यावरून काळ लागतो, त्यामुळे हा अंदाज तिथे चालतो. आपल्याकडे वाळूचे साचे हाताने भरणाऱ्या छोट्या फाउंड्र्या आजही आहेत. गेल्या वर्षीच्या कढईवरही तशी रेघ निघू शकते. रेघेने पद्धत कळते, वर्ष कळत नाही.

माझ्या मते खरी पारख व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, होते. संभाजीनगरच्या जुना बाजारात मला हुबेहूब आत्याच्यासारखं आप्पेपात्र मिळालं. तेच सात खळगे, तेच कान. डाव्या कानावर आत्याच्या भांड्याला एक खाच आहे, कधीतरी पडून टवका उडालेला. बाजारातल्या भांड्याला त्याच जागी तीच खाच! फक्त तिच्या कडा बोथट होत्या आणि साच्यातून येणारी खरबरीत कातडी खाचेच्या आतही तशीच होती. टवका उडाला असता तर आतलं दाणेदार बीड दिसलं असतं. मापं घेतली: आत्याचं २१० मिलिमीटर, हे २०८. बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं. कुणीतरी एक भांडं फर्मा म्हणून वाळूत दाबलं की त्याचं पिल्लू तेवढं लहान निघतं. म्हणजे आत्याचंच भांडं कधीतरी ओतशाळेत जाऊन आलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "न्हेलं असल बाबा शेजारनीनं, मला काय ठावं."

अशी नक्कल नवीच असते असं नाही, पन्नास वर्षांपूर्वीचीही असू शकते. पण मूळ म्हणून तिची किंमत द्यायची नाही. वय पाहायचं असेल तर झीज बघा: चुलीच्या दगडांवर टेकणाऱ्या जागा, सळईने उलटून गुळगुळीत झालेले खळगे. भांडं जुनं दिसावं म्हणून मिठाच्या पाण्याने मुद्दाम आणलेला गंज सगळीकडे सारखाच नारिंगी असतो आणि बोटाने पुसला जातो.

किमतीचं थोडक्यात. खालची हद्द भंगाराचा भाव. वरची हद्द, नाव-गाव नसेल तर, त्याच मापाच्या नव्या भांड्याची. ऑनलाइन लिहिलेली रक्कम ही मागणी असते. विकलं किती गेलं ते बघा. परदेशी गिऱ्हाइकाला खपवायला "शंभर वर्षांपूर्वीचं" म्हणताना जपून: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभरी ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आणि ज्या कढईत कुणी कधी शिसं वितळवलं असेल, तिच्यात स्वयंपाक करू नका. आतल्या बाजूला राखाडी, मऊ, नखाने ओरखडणारा थर दिसला की मी ती सरळ कुंडीखाली ठेवतो.