विहिरीच्या पाण्यात कीटकनाशकं आणि औषधांचे अंश आहेत का, हे कसं तपासून घ्यावं?

आमच्या वाडीची विहीर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला आहे. वर जांभ्याची टेकडी, तिच्यावर हापूसच्या बागा. पाणी इतकं नितळ की मे महिन्यात तळाला पडलेली कळशी वरून दिसते. एकदा तपासून घेतलं, ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आला आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे अहवाल नीट वाचला, तर त्यात क्षार, क्लोराइड, नायट्रेट आणि जंतू एवढंच पाहिलेलं. कीटकनाशकाचं नावही नव्हतं, कारण आम्ही ते मागितलंच नव्हतं. प्रयोगशाळा सांगितलेलंच शोधते.

म्हणून बाटली भरण्याआधी यादी करा. विहिरीपासून चढाच्या दिशेने चालत जा. ‘भाऊ, यंदा तुडतुड्यावर काय मारलंस?’ असं सरळ विचारा, लोक सांगतात. बांधावर पडलेल्या रिकाम्या बाटल्यांवरचं बारीक अक्षरातलं रासायनिक नाव उतरवून घ्या. कंपनीचं नाव प्रयोगशाळेच्या उपयोगाचं नाही. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं मातीला चिकटून राहतात, इमिडाक्लोप्रिड मात्र पाण्याबरोबर सहज खाली उतरतं. कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल, तर ऐन पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती ओततात आणि ते मातीत दीर्घकाळ टिकतं. जांभा सच्छिद्र, पहिल्या मोठ्या पावसात विहीर भराभर वर येते; त्या पाण्याला गाळून निघायला वेळ कुठला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) कीटकनाशकांची यादी आहे, पण इमिडाक्लोप्रिड आणि पॅक्लोब्युट्राझोल त्यात नाहीत. ही नावं आपणच लिहून द्यायची.

लोटे-परशुराम किंवा महाडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला राहत असाल, किंवा वरच्या गावाचं सांडपाणी नदीला मिळत असेल, तर डायक्लोफेनॅक (वेदनाशामक), सिप्रोफ्लॉक्सासिन (प्रतिजैविक) आणि कार्बामाझेपिन (फेफऱ्यावरचं औषध) हीही नावं घाला. कार्बामाझेपिन सांडपाणी प्रक्रियेतूनही बहुतेक तसंच बाहेर पडतं, त्यामुळे ते सापडलं की सांडपाणी विहिरीपर्यंत पोचतंय अशी दाट शंका घ्यावी.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची निवडा आणि ‘ही नावं तुम्ही तपासता का, किती कमी प्रमाणापर्यंत?’ हे आधी फोनवर विचारा. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे; तिथपर्यंत मोजता येत असेल तरच पैसे घाला.

नमुना गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घ्यायचा, ती प्रयोगशाळेकडूनच मागवा. प्लास्टिकला काही रसायनं चिकटतात आणि आकडा खोटा कमी येतो. पाणी टाकीच्या नळाचं नको, थेट विहिरीचं घ्या. बाटली काठोकाठ भरा, तारीख-वेळ लिहा, बर्फात ठेवून शक्यतो दुसऱ्याच दिवशी पोचवा. एक नमुना मोहोराच्या फवारण्या चालू असताना, दुसरा पहिल्या मोठ्या पावसानंतर. नदीचा घ्यायचा तर कारखान्याच्या नाल्याच्या वर एक, खाली एक. खाडीजवळ ओहोटीलाच, नाहीतर भरतीचं पाणी मिसळतं.

अंश सापडले तर ते पाणी पिणं आणि रांधणं थांबवा. उकळून ही रसायनं जात नाहीत, उलट पाणी आटून थोडी दाटच होतात. टीसीएलचाही (ब्लीचिंग पावडरचा) भरवसा धरू नका. सक्रिय कोळशाचा फिल्टर किंवा आरओ बऱ्याच अंशी उपयोगी पडतो, पण कोळसा वेळेवर बदलला तरच. फवारणीचा पंप विहिरीच्या कठड्यावर धुणं आजपासून बंद करा. हे मी आमच्याच विहिरीवर किती वर्षं पाहिलं आणि कधी बोललो नाही, याचं आज वाईट वाटतं.

संशय कारखान्याच्या पाण्यावर असेल तर ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १९७४च्या जल कायद्यात नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे; कोर्टात पुरावा म्हणून मंडळाच्या अधिकाऱ्याने त्या रीतीने घेतलेला नमुनाच लागतो. म्हणून मासे मरून वर आले, पाण्याला उग्र वास आला, की त्याच तासाला फोन करा, फोटो काढा आणि अधिकारी येईपर्यंत काठावर कुणीतरी थांबा.