दहा टक्के स्वस्त की चौदा? कर्जाचा खरा दर स्प्रेडशीटमध्ये काढताना

सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या मेहुण्यांना घरदुरुस्तीसाठी दोन लाख रुपये हवे होते. एका पतसंस्थेने ३६ महिन्यांसाठी १० टक्के ‘फ्लॅट’ दर सांगितला, तर बँकेने घटत्या शिल्लकेवर, म्हणजे न फिटलेल्या मुद्दलावरच, १४ टक्के. साहजिकच त्यांचा कल पतसंस्थेकडे होता.

फ्लॅट दरात, निम्मे मुद्दल फिटले तरी, व्याज मूळ रकमेवरच आकारले जाते. येथे तीन वर्षांचे व्याज ६०,००० रुपये आणि हप्ता ७,२२२ रुपये होतो. बँकेचा हप्ता काढण्यासाठी स्प्रेडशीटच्या रिकाम्या चौकटीत =पीएमटी(१४%/१२, ३६, -२०००००) असे लिहावे (अर्थात सूत्र टंकताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत); उत्तर ६,८३६ रुपये येते. म्हणजे ‘महाग’ बँकच दरमहा ३८६ रुपयांनी स्वस्त पडते.

आता फ्लॅट दराचा खरा चेहरा पाहण्यासाठी =रेट(३६, -७२२२, २०००००)*१२ हे सूत्र वापरावे. हातात येणारी रक्कम धन आणि खिशातून जाणारा हप्ता ऋण असावा. दोन्हींची चिन्हे सारखी ठेवल्यास उत्तराऐवजी त्रुटी दिसते, आणि नवशिक्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो. उत्तर सुमारे १७.९ टक्के येते. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापला गेला, तर हातात १,९५,२८० रुपयेच पडतात. सूत्रात दोन लाखांऐवजी हा आकडा घालताच दर साडेएकोणीसच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि बिगर-बँकिंग वित्तसंस्थांना हा वार्षिक दर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकात, दाखवावा लागतो, पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून तिथे हे गणित स्वतःच केलेले बरे.

मेहुण्यांनी बँकेचे कर्ज घेतले. पहिल्या हप्त्यातले २,३३३ रुपये व्याजात गेले आणि मुद्दल केवळ ४,५०२ रुपयांनी घटले, हे आयपीएमटी (हप्त्यातले व्याज) आणि पीपीएमटी (हप्त्यातले मुद्दल) या सूत्रांनी ओळीओळीने दिसते. बारा हप्त्यांनंतर शिल्लक १,४२,३६८ रुपये राहते. त्या वेळी दिवाळीच्या बोनसमधले २५,००० रुपये भरले, तर उरलेल्या हप्त्यांची संख्या सांगणाऱ्या =एनपर(१४%/१२, -६८३६, ११७३६८) या सूत्राचे उत्तर १९.३ येते, म्हणजे उरलेले २४ हप्ते २० वर येतात, त्यातला शेवटचा अपुरा, आणि व्याजाचे सुमारे ७,३०० रुपये वाचतात. मुदतपूर्व फेडीचे शुल्क असल्यास ते या बचतीतून वजा करावे, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे.