जर्सी शेवटी बघा: खेळण्यातल्या फुटबॉलपटूंचा संघ कसा ओळखावा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या भांड्यांच्या ढिगाशेजारी, एका माणसानं प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढं उपडी केली. आत अंगठ्याच्या पेराएवढे तेवीस फुटबॉलपटू. प्रत्येकाच्या पायाखाली वाटीसारखी गोल बैठक, दोघांचे पाय घोट्यात मोडलेले. घासाघीस करून पिशवी घेतली आणि चोर्ला घाटातून बेळगावला पोचेपर्यंत गाडीतच दहा जणांचे संघ ठरवूनही टाकले. लाल तो लिव्हरपूल, पिवळा तो ब्राझील, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो युव्हेंटस. त्यातले सात चुकले, आणि सातही एकाच कारणानं. मी आधी जर्सी बघितली होती.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की गॅलरीच्या टोकावरचं पोरगंसुद्धा रंगावरून संघ सांगतं. पण तिथं आज कोण कोणाविरुद्ध खेळतंय हे त्याला घरून निघतानाच माहीत असतं. पिशवीतल्या बाहुल्याला ना प्रतिस्पर्धी, ना पाठीवर नाव. म्हणून त्याला खालून वर वाचायचं: बैठक, मोजे, चड्डी आणि मग जर्सी.

आधी वय काढा

बैठक वाटीसारखी आणि खेळाडू बोटाच्या टिचकीनं सरकणारा असेल तर तो बहुधा सबब्युटिओ या इंग्लिश खेळातला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या पीटर अ‍ॅडॉल्फ यांनी हा खेळ १९४७ मध्ये विकायला सुरुवात केली. त्यांना खेळाचं नाव 'हॉबी' ठेवायचं होतं, ते नोंदवून मिळेना. हॉबी नावाचा एक छोटा ससाणाही असतो, त्याचं शास्त्रीय नाव फाल्को सबब्युटिओ. अ‍ॅडॉल्फ पक्ष्यांचे शौकीन, त्यांनी त्यातला दुसरा शब्द उचलला. सुरुवातीच्या संचात मैदान नसायचंच. खडूचा तुकडा मिळायचा, घरातल्या जुन्या लष्करी कांबळ्यावर रेघा मारून घ्यायच्या. हे वाचलं तेव्हा मी हसलो, कारण मराठा लाइट इन्फंट्रीच्या आमच्या बेळगावात घरटी एक तरी असलं कांबळं ट्रंकेत सापडेल.

वय ओळखायला भिंग लागत नाही. चपटा, पुठ्ठ्याचा किंवा सेल्युलॉइडचा असेल तर पहिल्या काळातला. अंगानं भरीव, आणि जर्सीचा रंग चड्डीवर जरासा उतरलेला, कडा थोड्या हललेल्या असतील तर १९६१ च्या सुमारास सुरू झालेल्या हातरंगाच्या पिढीतला. हे काम केंटमधल्या बायका घरी बसून करत, बिडीकाम निपाणीत घरोघरी चालायचं तसंच म्हणा. रेघा अगदी एकसारख्या, छापल्यासारख्या दिसल्या तर तो सत्तरच्या दशकाच्या शेवटचा किंवा त्यानंतरचा. मोठ्या डोक्याचे, चेहरा खऱ्या खेळाडूसारखा असलेले बाहुले ही वेगळीच जात. ते नव्वदच्या दशकातले आणि पुढचे. त्यांचा चेहराच संघ सांगतो, त्यांच्यावर इथं वेळ घालवत नाही.

वय आधी कशासाठी? कारण संघ कपडे बदलतात. लिव्हरपूल १९६४ पर्यंत लाल जर्सीखाली पांढरी चड्डी घालायचं. त्या नोव्हेंबरात बेल्जियमच्या अँडरलेख्टविरुद्ध ते पहिल्यांदा नखशिखांत लाल उतरले आणि तेच कायम झालं. लीड्सचा पांढरा वेशही साठच्या दशकातला, त्यांचे व्यवस्थापक डॉन रेव्ही यांनी रेआल माद्रिदकडं बघून आणलेला. त्याआधी लीड्स निळ्या-सोनेरी रंगात खेळायचं. सत्तरीतला लाल-पांढरा बाहुला हातात घेऊन लिव्हरपूल म्हणालात तर माझ्यासारखंच होईल.

धुवा, पण थिनर लावू नका

हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय. एका खेळाडूच्या छातीवर काळपट डाग होता. घरात दाराला रंग दिल्यावर उरलेलं थिनर होतं, कापसाचा बोळा बुडवून फिरवला. डाग गेला, आणि त्याच्याबरोबर चार पट्टेही गेले. तो डाग नव्हताच, पट्टाच होता. आता त्या बाहुल्याचा संघ कुणालाही सांगता येणार नाही, मलासुद्धा.

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि कान कोरायची कापसाची काडी एवढंच वापरा. नेलपॉलिश काढायचं पाणी, थिनर, रॉकेल यातलं काहीही नको. धुतल्यावर सुती फडक्यावर सावलीत वाळवा. बेळगावच्या पावसाळ्यात डबा बंद करायची घाई केली तर आठवड्यात बुरशीची पांढरी साय धरते. मग तुम्ही मोज्यांना पांढरी पट्टी होती असं लिहून बसाल.

उजेड आणि दुसऱ्याचे डोळे

पिवळ्या एलईडीखाली गर्द निळा काळा दिसतो आणि डाळिंबी तपकिरी. रात्री जेवण उरकून ओळखायला बसलो की हमखास चुकतो. सकाळी, ढगाळ आकाश असेल तर उत्तमच, खिडकीशी पांढरा कागद ठेवा आणि बाहुला त्यावर उभा करा. मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मनानं 'सुधारतो', म्हणून फोटो काढताना तो पांढरा कागद चौकटीत येऊ द्या.

उन्हानं लाल रंग फिका पडून नारिंगी-गुलाबीकडं जातो, पांढरं प्लास्टिक सायीसारखं पिवळं पडतं. मूळ रंग बघायचा असेल तर काखेत बघा, दोन पायांच्या मध्ये बघा, बैठकीच्या खाली बघा. ऊन तिथं पोचत नाही. माझ्याकडचा एक 'नारिंगी' हॉलंडवाला काखेत टोमॅटोसारखा लाल निघाला.

रंगाची नावं मात्र मला आमच्या मावशीनं शिकवली. ती वडगावच्या विणकराच्या घरातली, लहानपणापासून माग बघितलेला. मी टेबलावर खेळाडू मांडून बसलो होतो, ती चहा घेऊन आली.

"काय हुडकायलास रे?"

"हा लाल कुठल्या संघाचा ते बघतोय."

तिनं तो उचलला, खिडकीकडं धरला, नखानं बाही टोकरली. "ह्यो लाल न्हवं बाबा. डाळिंबी हाय. आणि बाही आकाशी. तुला लाल आणि डाळिंबी येगळं दिसत न्हाई?"

नव्हतं दिसत. आणि तेवढ्या फरकानं संघ बदलला. डाळिंबी अंग आणि आकाशी बाह्या ही अ‍ॅस्टन व्हिला, वेस्ट हॅम आणि बर्नली या तिघांची खूण. लाल अंग आणि पांढऱ्या बाह्या म्हणजे आर्सेनल, १९३३ पासून. लाल, मरून, डाळिंबी, विटकरी. निळा, आकाशी, गर्द निळा, मोरपंखी. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येकापुढं घरातलं एखादं कापड टाचून ठेवा. साडीचा तुकडा असेल तर झकास.

मोजे आणि चड्डी: खरी ओळख इथं

जर्सीचे रंग जगात मोजकेच आहेत, संघ हजारो. निवाडा कमरेखाली होतो.

पिवळी जर्सी, निळी चड्डी: मोजे पांढरे असतील तर ब्राझील, पिवळे असतील तर स्वीडन. माझा 'ब्राझील' इथंच पडला. गंमत म्हणजे ब्राझीलचा पिवळा रंगही तसा नवाच. १९५० च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून २-१ असे हरले तेव्हा ते पांढऱ्यात होते. तो वेश अपशकुनी ठरला, १९५३ मध्ये एका वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली आणि ती अल्दिर श्ली या एकोणीस वर्षांच्या पोरानं जिंकली. १९५४ पासून पिवळा. आणि १९५८ च्या अंतिम सामन्यात समोर स्वीडनच, तोही पिवळाच, म्हणून ब्राझीलनं निळ्यात खेळून ५-२ नं विश्वचषक उचलला. तेव्हा निळी जर्सी बघून ब्राझील लगेच बाद करू नका. पिवळ्या जर्सीखाली चड्डी हिरवी असेल तर नॉर्विच सिटी.

लाल जर्सी, पांढरी चड्डी: मोजे काळे तर मँचेस्टर युनायटेड, लाल तर नॉटिंगहॅम फॉरेस्ट.

काळे-पांढरे उभे पट्टे: चड्डी काळी असेल तर आधी न्यूकॅसल म्हणा. युव्हेंटसची परंपरेनं पांढरी. तसं हे पट्टे युव्हेंटसनं १९०३ मध्ये नॉटिंगहॅमच्या नॉट्स काउंटीकडून घेतले, त्याआधी त्यांची जर्सी गुलाबी होती.

हिरवे-पांढरे आडवे पट्टे: पांढरी चड्डी म्हणजे सेल्टिक, काळी म्हणजे लिस्बनचं स्पोर्टिंग. लाल-काळे उभे पट्टे: पांढरी चड्डी मिलान, काळी असेल तर बोर्नमथ. निळे-काळे पट्टे आणि काळी चड्डी दिसली तर आधी इंटर म्हणा.

मोजे रंगवताना ब्रश घसरलेला असतो, एका पायावर पट्टी आणि दुसऱ्यावर नाही असंही होतं. अकरा जण असतील तर अकरांचं बघा आणि बहुमत धरा.

आता जर्सी

इथवर दोन-तीन नावं उरलेली असतात. आता नक्षी बघा. पांढऱ्या जर्सीवर लाल तिरका पट्टा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडं, अगदी जानव्यासारखा, असेल तर पेरू किंवा अर्जेंटिनाचं रिव्हर प्लेट. पुन्हा चड्डीच सांगते: पेरूची पांढरी, रिव्हर प्लेटची काळी. निळ्या छातीवर आडवा पिवळा पट्टा म्हणजे बोका ज्युनियर्स. तो रंग बंदरात आलेल्या स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून घेतला असं सांगतात.

जुनी खोकी मिळाली तर सोन्याहून पिवळं. सबब्युटिओच्या खोक्यावर संघाच्या नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. १ म्हणजे लाल जर्सी-पांढरी चड्डी, २ म्हणजे निळी जर्सी-पांढरी चड्डी, आणि पुढं शेकड्यांनी. ग्यानबाची मेख इथं आहे. एकाच क्रमांकाचा संच त्या रंगाच्या अनेक क्लबांच्या नावानं विकला जायचा. म्हणजे कारखान्यातसुद्धा तो बाहुला 'एव्हर्टन' नव्हता, 'क्रमांक २' होता. एव्हर्टन तो घरी गेल्यावर व्हायचा. बैठकीच्या कडेचा आणि मधल्या चकतीचा रंग संचाशी जुळवलेला असे, पण बैठका सुट्या होतात आणि पोरं अदलाबदल करतात, म्हणून बैठक हा पुरावा नव्हे, साक्षीदार समजा. उलटतपासणीत फिरणारा.

नंतर कुणी रंगवलाय का

माझ्या पिशवीत एक हिरवा-मरून उभ्या पट्ट्यांचा निघाला. काळीज धडधडलं. कोलकात्याचं मोहन बागान! पण १९११ ची आयएफए शिल्ड स्पर्धा जिंकणारा तो संघ म्हणावा तर याच्या पायात बूट, आणि त्या अंतिम सामन्यात अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. मग वाटलं, रिओचा फ्लुमिनेन्सी असेल. त्यांचाही हिरवा-मरूनच, पण दोन पट्ट्यांमध्ये बारीक पांढरी रेघ असते. याच्यावर रेघ नव्हती. भिंगातून बघितलं तर रंगाचा थर जाड, कानाच्या पाळीवर हिरवा ठिपका, आणि बैठकीत घुसणाऱ्या टोकाशी खालचा पिवळा डोकावत होता. कुणीतरी घरी बसून, बहुधा इनॅमलच्या डबीतून, आपला आवडता संघ करून घेतला होता.

असा निघाला तर वरचा रंग खरवडू नका. माझ्या मते तो मूळ कारखान्याच्या मालापेक्षा जास्त मोलाचा, विकणारा काहीही म्हणो.

नोंद

प्रत्येकाला काड्यापेटीएवढं कागदी लेबल: पिढी, मोजे, चड्डी, जर्सी, आणि मग शक्य ती सगळी नावं. एकच नाव लिहायचा मोह आवरा. श्रीखंडाचा रिकामा डबा छान बसतो, आत सिलिकाची पुडी टाका, आणि रंगीत कागदात गुंडाळू नका, कागदाचा रंग उतरतो.

माझ्या तेवीसपैकी चौदा जणांना एकच नाव मिळालंय, सहा जणांना दोन किंवा तीन. एक थिनरवाला, एक घरी रंगवलेला. आणि तो डाळिंबी खेळाडू अजून व्हिला, वेस्ट हॅम, बर्नली असं तीन ओळींचं लेबल घेऊन खिडकीत उभा आहे. मावशी येता-जाता त्याला उचलते आणि विचारते, "ह्याचं लगीन ठरलं का न्हाई अजून?"