ॲक्रोपोराचा रंग उडतोय? आधी बुडखा बघा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल (प्रवाळ) फिकं पडायला लागलं की आपण सगळे पहिल्यांदा पाण्याची अल्कलिनिटी (क्षारता) मोजायला धावतो. मीही दोन महिने तेच करत बसलो. न्यू जर्सीत आमच्या बेसमेंटमध्ये ७५ गॅलनची टँक आहे, त्यातला निळा ॲक्रोपोरा (फांद्यांचं कठीण कोरल) दिवसेंदिवस मळकट दिसायला लागला, मी आपला कधी लाइट कमी कर कधी पाण्यात घालायच्या क्षारांचं डोसिंग वाढव, आणि खरं दुखणं बुडख्याशी चिकटून बसलेलं.

तर आधी फ्लॅटवर्म. हा चपटा किडा ॲक्रोपोराच खातो आणि अंगावर असताना दिसतच नाही, कारण पारदर्शक असतो आणि पोटात कोरलचाच रंग. म्हणून किडा शोधू नका, खुणा शोधा. फांदीच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला मिलिमीटरभर गोल पांढुरके ठिपके दिसले की समजायचं चावे आहेत. मग टर्की बेस्टर (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) घ्या आणि फांद्यांवर जोरात पाण्याचा फवारा मारा, पांढरट पापुद्र्यासारखं काही सुटून वळवळलं तर झालंच.

आता डिप, म्हणजे किडे सोडवणाऱ्या औषधाच्या पाण्यात कोरल बुडवणं. आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे कधी कमी पडत नाहीत, तो पांढरा डबा घासून साबण पूर्ण निघेपर्यंत धुवायचा, टँकचंच पाणी घ्यायचं म्हणजे तापमान आणि खारटपणा जुळतो, त्यात कोरल डिपचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच, अंदाजे नाही. पाच-दहा मिनिटं बुडवून मधेमधे बेस्टर मारत राहा. माझ्या पहिल्या डिपला डब्याच्या तळाशी अकरा किडे पडले होते, पांढऱ्यावर स्पष्ट दिसतात. मी खूश, फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा) परत टँकमध्ये. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच ठिपके 😑

कारण अंडी. डिपने अंडी मरत नाहीत, कुठल्याही डिपने. बुडख्याजवळ जिथे मांस मरून हाडासारखा सांगाडा उघडा पडलेला असतो तिथे तपकिरी खसखस चिकटवल्यासारखा पुंजका दिसतो, मोबाईलवर झूम करून बघा. ती नखाने किंवा ब्लेडने खरवडा, आणि त्याहून बरं म्हणजे बुडखा सरळ कापून टाका, जिवंत फांदी नव्या प्लगवर (फ्रॅग बसवायची छोटी चकती) सुपरग्लू जेलने लावा. जुना प्लग कचऱ्यात, जीव जळला तरी. अंडी फुटायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर आणखी, म्हणून दर आठवड्याला डिप आणि हे किमान सहा आठवडे. शक्य असेल तर सगळे ॲक्रोपोरा वेगळ्या टँकमध्ये हलवा, म्हणजे मुख्य टँकमधले किडे उपाशी मरतील. जी कॉलनी दगडावर पक्की बसलीये ती तशीच ठेवून रोज बेस्टर मारावा लागतो, सुटलेले किडे मेलॅन्युरस रॅस हा मासा खातो, पण नुसत्या माशाच्या भरवशावर राहू नका.

रेड बग ही ॲक्रोपोरावरची वेगळी कीड. अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे ठिपके आणि त्यावर लाल टिंब, गुळगुळीत कातडीच्या ॲक्रोपोरावर जास्त. मग कोरलचे पॉलिप (बारीक तोंडं) बाहेर येत नाहीत. यावर कुत्र्यांना हार्टवर्मसाठी देतात ते मिल्बेमायसिन चालतं, इथे व्हेटच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि कोळंबी, खेकडे, कोपेपॉडसारखे बारीक जीव सगळे त्यात मरतात, त्यामुळे आधी त्यांना बाहेर काढा, नंतर पाणी बदला आणि ॲक्टिव्ह कार्बन लावा. फ्लॅटवर्मवर मात्र याचा उपयोग नाही, उगीच दोन्हीला एकच औषध करू नका.

मॉन्टिपोरा (बऱ्याचदा थाळीसारखं पसरणारं कोरल) कडेकडेने पांढरा पडत असेल तर रात्री टॉर्च घेऊन प्लेटच्या खालची बाजू बघा, तिथे बारीक पांढरे झालरवाले न्युडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगाई) बसलेले असतात. उपाय तोच, डिप, खरवडणं, दर आठवड्याला परत. झोआ (बटणासारखे मऊ पॉलिप असलेले झोअँथिड) खाणारे न्युडिब्रँक तर झोआचाच रंग घेतात, बंद पॉलिप वाटतो तो कधीकधी किडा निघतो. झोआला हात लावताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा हवाच, काहींमध्ये पॅलीटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि झोआ लागलेला दगड चुकूनही उकळू नका, ती वाफ माणसाला हॉस्पिटलात पोचवते.

आता नवीन फ्रॅग कुणीही देवो, अगदी ओळखीतल्या मित्राने दिला तरी, आधी श्रीखंडाचा डबा आणि मग सहा आठवडे छोट्या टँकमध्ये. डिप झाल्यावर टँकचंच, औषध न घातलेलं, वेगळं काढून ठेवलेलं पाणी घेऊन फ्रॅग विसळा, आणि डब्यातलं पाणी सिंकमध्ये, परत टँकमध्ये नाही.