सीडीएलसाठी होम स्टेट ठरवताय? या चुका टाळा

अमेरिकेत ट्रक चालवायचं ठरलं की टॅक्सचा विषय निघतोच. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, साउथ डकोटा इथे पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, मग सीडीएल, म्हणजे ट्रकसारखी मोठी वाहनं चालवायचं कमर्शियल लायसन्स, तिथलंच काढलं तर? असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि तो ऐकणारे अडकतात. फेडरल नियमाप्रमाणे तुमचं खरं, कायमचं घर जिथे आहे आणि बाहेर गेल्यावर जिथे परतायचा तुमचा इरादा आहे, तेच तुमचं होम स्टेट. टॅक्स वाचवायचा तर बिऱ्हाडच हलवावं लागतं.

भाड्याच्या टपालपेटीचा पत्ता

बायको-मुलं एडिसनला, मुलांची शाळा न्यू जर्सीतली, सुट्टीत तुम्ही येता तेही तिथेच. आणि लायसन्सवर मात्र फ्लोरिडातल्या मेल फॉरवर्डिंगवाल्याचा पत्ता. हे टिकत नाही. न्यू जर्सी टॅक्स मागायला आली तर नुसतं लायसन्स दाखवून सुटका होत नाही, आणि खोट्या पत्त्यावर काढलेलं सीडीएल रद्द होऊ शकतं. ज्याच्यावर घर चालतं ते लायसन्स असं पणाला लावू नये.

या टॅक्सच्या भीतीत बराच गैरसमजही आहे. अनेक राज्यांतून नेमाने माल नेणाऱ्या ड्रायव्हरच्या पगारावर फक्त त्याच्या राहत्या राज्यालाच इन्कम टॅक्स लावता येतो, असा फेडरल कायदा आहे. कंपनी इलिनॉयची असली किंवा रोज ओहायो ओलांडावं लागलं, तरी त्या राज्यांचा तुमच्या पगारावर हक्क नाही. डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म) हातात आला की चौकट १५ बघा. तिथे राहत्या राज्याऐवजी कंपनीचं राज्य असेल आणि चौकट १७ मध्ये कापलेली रक्कम असेल, तर लगेच पेरोलला कळवा. नाहीतर ते पैसे परत मिळवायला त्या राज्यात वेगळं रिटर्न भरत बसावं लागतं.

घर बदललं, लायसन्स तसंच

नव्या राज्यात बिऱ्हाड थाटलं की ३० दिवसांत सीडीएल ट्रान्सफरचा अर्ज करायचा. हॅझमॅट, म्हणजे धोकादायक माल नेण्याची परवानगी, असेल तर जास्त सावध राहा: गेल्या दोन वर्षांत त्याची परीक्षा किंवा प्रशिक्षण झालेलं नसेल, तर ते पुन्हा करावं लागतं. एका वेळी एकच लायसन्स, हे पक्कं. जुन्या राज्यातला खराब रेकॉर्ड मागे टाकायला राज्य बदलण्यात काही अर्थ नाही, कारण सगळी राज्यं सीडीएलआयएस या सीडीएलच्या नोंदी ठेवणाऱ्या एकाच यंत्रणेला जोडलेली आहेत.

ट्रेनिंग दुसऱ्या राज्यात

हे चालतं. लर्नर परमिट मात्र होम स्टेटचं हवं आणि ते मिळाल्यावर निदान १४ दिवसांनी ड्रायव्हिंग टेस्ट. निकाल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होम स्टेटकडे जातो, लायसन्स तिथूनच मिळतं. शाळा फेडरल नोंदणी यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघा. ७ फेब्रुवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे.

काउंटरवर कागद परत आले तर

आपल्या लोकांचं इथे हमखास घोडं अडतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, ग्रीन कार्डवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, भाडेकरारावर गायब. पत्त्याचा पुरावा म्हणून जो कागद देणार, त्यावर ग्रीन कार्डवर आहे तसंच नाव आधीच दुरुस्त करून घ्या.

नेहमीचं सीडीएल नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं. बाकीच्यांसाठी ‘नॉन-डोमिसाइल्ड’ प्रकार आहे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम फार कडक झाले आणि प्रकरण कोर्टातही गेलं. तेव्हा आजची स्थिती राज्याच्या लायसन्स कार्यालयात विचारल्याशिवाय शाळेची फी भरू नका. आणि भारतातलं हेवी लायसन्स इथे बदलून मिळत नाही. सगळ्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात.