खुब्याचा सांधा बदलल्यावर मांडी दुखत राहिली तर काय करावं

खुब्याचं ऑपरेशन झालं, जांघेतलं वर्षानुवर्षांचं दुखणं गेलं, टाके निघाले, वॉकर सुटून हातात काठी आली, आणि तरी मांडी दुखतेच. कधी समोरून, कधी बाहेरच्या बाजूनं, कधी फक्त उठल्यावर पहिल्या चार पावलांना. घरचे म्हणतात, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, दुखणारच." शेजारचे म्हणतात, "आमचे काका तर महिन्याभरात जिने चढायला लागले." दोन्हीकडचं ऐकून पेशंट गोळी घेतो आणि गप्प बसतो.

माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशननंतर आमच्या घरात हा प्रश्न बरेच महिने होता. तेव्हापासून ओळखीत कुणाला हे दुखणं झालं की मी आधी एकच सांगते: दुखणं नीट पाहा आणि ते नीट सांगा. मांडी दुखण्याची कारणं बरीच आहेत. काही आपोआप निवळतात, काहींत एक दिवसही थांबून चालत नाही. त्यातलं आपलं कुठलं, याचा पहिला धागा एक्स-रेच्या आधी पेशंटच्या बोलण्यातून मिळतो.

मांडीच का दुखते

ऑपरेशन खुब्याचं, मग मांडीचा काय संबंध, असं अनेकांना वाटतं. या ऑपरेशनात कमरेच्या हाडात नवी वाटी बसवतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची एक दांडी उतरवतात. डॉक्टर तिला स्टेम म्हणतात. नवा गोळा या दांडीच्या डोक्यावर बसतो आणि दांडीचं टोक बऱ्याचदा मांडीत बरंच खाली जातं. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात ज्या पद्धतीनं हे ऑपरेशन रूढ केलं, तिच्यात दांडी सिमेंटनं पक्की करत. आता अनेकांना, विशेषतः वयानं लहान पेशंटना, बिनसिमेंटची दांडी बसवतात. तिचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि हाड हळूहळू त्यावर वाढून तिला धरून ठेवतं.

हे धरणं काही आठवड्यांत सुरू होतं, पण पुरं व्हायला महिने लागतात. शिवाय धातू हाडापेक्षा कितीतरी ताठ असतो. टायटॅनियम त्यातल्या त्यात कमी ताठ, कोबाल्ट-क्रोम जास्त, आणि दांडी जाड असेल तर आणखी जास्त. ओल्या बांबूत लोखंडी सळई घालून बांबू वाकवला, तर सगळा ताण सळईच्या टोकापाशी एकवटतो. मांडीच्या मध्यात, समोरून किंवा बाहेरून येणारी कळ बऱ्याचदा या टोकाचीच असते. बिनसिमेंटच्या दांडीत ती जास्त आढळते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत कमी होत जाते.

मात्र सगळी मांडीदुखी या कारणाची नसते.

आधी वही घ्या

दोन आठवडे रोज दोन-तीन ओळी लिहा. पेशंटला लिहायचा कंटाळा असेल तर घरातल्या कुणीतरी विचारून लिहावं. दुखतं नेमकं कुठं, हे बोटानं दाखवायला सांगा, तळहातानं नको. तळहात फिरवला की सगळी मांडीच दुखते असं वाटतं. एका बोटानं दाखवताना माणूस विचार करतो.

सासूबाईंच्या वहीतली एक नोंद अशी होती: "सकाळी पलंगावरून उठून बाथरूमकडे जाताना पहिली पावलं मांडीच्या मध्यात समोरून कळ. स्वयंपाकघरापर्यंत गेले की जाते. दुपारी काही नाही. संध्याकाळी स्टेशनचा पूल चढून आल्यावर पुन्हा तीच जागा, रात्री झोपेत नाही." ओपीडीत "कसं आहे आजी?" असं विचारल्यावर त्या आधी "दुखतंय हो, मांडी फार दुखते," एवढंच सांगायच्या. वही पुढं केल्यावर डॉक्टरांनी दोन मिनिटं वाचली आणि मग नेमके प्रश्न विचारले.

वहीत या गोष्टी याव्यात: जागा, दुखण्याची जात, म्हणजे कळ, ठणका, जळजळ की मुंग्या, कुठल्या हालचालीला सुरू होतं, कशानं थांबतं, रात्री जाग येते का, गोळी घेतली तर कुठली आणि किती वाजता.

आता या नोंदींचा अर्थ. बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांना कळ आणि मग आराम, हे दांडी अजून हाडात पक्की धरली नसल्याचं लक्षण असू शकतं. पहिल्या काही महिन्यांत ते हळूहळू उतरत असेल तर एवढी चिंता नको. पण मधे वर्षभर ठीक होतं आणि मग ही कळ नव्यानं सुरू झाली, तर दांडी सैल झाली आहे का, हे तपासायलाच हवं. टॅक्सीत बसताना पाय उचलून आत घेताना जांघेत आणि मांडीच्या वरच्या भागात दुखत असेल, तर पाय उचलणारा स्नायू वाटीच्या कडेला घासत असू शकतो. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखतं आणि त्या कुशीवर झोपवत नाही, ही बहुधा तिथल्या हाडावरच्या पाणी भरलेल्या छोट्या पिशवीची (बर्सा) किंवा स्नायूंच्या टोकांची सूज असते. मांडीच्या बाहेरच्या कातडीवर जळजळ, बधिरपणा, कपडा लागला तरी नकोसं वाटणं, हे कातडीच्या नसेचं दुखणं. पुढच्या बाजूनं ऑपरेशन केलेल्यांत ते जास्त दिसतं.

कंबर तर हमखास विसरली जाते. खुबा झिजलेल्या माणसाची कंबरही बऱ्याचदा झिजलेली असते आणि कमरेतली दबलेली नस थेट मांडीत दुखते. थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढं वाकलं की बरं वाटतं, किंवा कळ गुडघ्याच्या खालपर्यंत जाते, असं असेल तर डॉक्टरांना "कंबरही बघा" असं स्वतःहून सांगा.

या वेळी वही बाजूला ठेवा आणि लगेच जा

ताप, थंडी, जखमेच्या जागी लाली, सूज किंवा पाणी येणं, स्वस्थ पडूनही रात्रभर ठणकणं: संसर्गाची शंका घ्या आणि त्याच दिवशी सर्जनशी बोला. घरी उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका. पुढच्या तपासणीत जंतू सापडेनासे होतात आणि निदान अवघड होतं.

पडल्यावर पाय टेकवत नाही, पाय आखूड दिसतो किंवा पंजा एका बाजूला वळलेला दिसतो, तर हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला असू शकतो. उभं करून पाहायचा प्रयत्न करू नका.

पोटरी किंवा मांडी एकाच बाजूनं सुजली, गरम आणि घट्ट झाली, तर शिरेत रक्ताची गाठ झाली असू शकते. त्यात छातीत दुखायला लागलं किंवा दम लागला तर १०८ला फोन करा.

फाइल नीट लावा

घरी येताना हॉस्पिटल जाड फाइल देतं आणि ती कपाटात जाते. तिच्यातून तीन गोष्टी वर काढून ठेवा. पहिली, ऑपरेशननंतर लगेचचा एक्स-रे. दुसरी, ऑपरेशनची नोंद: सिमेंट वापरलं की नाही, पुढून केलं की मागून. तिसरी, इम्प्लांटचे स्टिकर. कंपनी, साइज आणि बॅच नंबर असलेले हे छोटे चिकट कागद फाइलमध्ये लावलेले असतात. नसतील तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी मागा. या कागदांना महत्त्व का, तर २०१० मध्ये एएसआर हे धातूवर धातू घासणारं इम्प्लांट कंपनीनं जगभरातून परत मागवलं. ते भारतातल्या पेशंटनाही बसवलेलं होतं. आपल्याला काय बसवलंय हे अशा वेळी स्टिकरवरूनच कळतं.

एकट्या नव्या एक्स-रेवरून दांडी सैल आहे की नाही हे सांगणं कठीण असतं. जुना आणि नवा शेजारी धरले तर दांडी खाली सरकली का, हाड आणि धातूमध्ये काळी रेघ उमटली का, हे दिसतं. एक्स-रे काढताना दांडीचं खालचं टोक पूर्ण येऊ द्या. नुसत्या कमरेच्या फोटोत ते कधी कधी कापलं जातं, आणि कळ तर नेमकी तिथंच असते.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी पाहतात; शरीरात कुठं सूज किंवा संसर्ग असेल तर हे आकडे चढतात. ऑपरेशननंतर सीआरपी काही आठवड्यांत खाली येतं, ईएसआर उतरायला महिने लागू शकतात. म्हणून एकाच आकड्यावरून घाबरू नका. तो चढतोय की उतरतोय ते पाहा, आणि दोन्ही वेळा शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. संसर्गाची शंका दाट असेल तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासतात.

रोजचं चालणं-बसणं

काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरा. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूला काठी धरण्याकडे बहुतेकांचा कल असतो, पण विरुद्ध हातातल्या काठीनंच खुब्यावरचा भार कमी होतो. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, एवढी काठीची उंची. खालचं रबरी बूच झिजलेलं असेल तर पावसाळ्याच्या आधी बदला; स्टेशनच्या ओल्या लादीवर झिजलेल्या बुचाची काठी सरळ घसरते. लंगडणं पुरतं थांबेपर्यंत काठी सोडायची घाई नको. "लोक काय म्हणतील" म्हणून काठी घरी ठेवून लंगडत भाजी आणायला जाणारे मी पाहिलेत. त्या लंगडण्यानं कंबर आणि दुसरा गुडघाही दुखू लागतो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. लिफ्ट नसलेल्या चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर कामं एकत्र करून दिवसातून एकदाच खाली उतरा. गर्दीच्या वेळची लोकल टाळा. धक्काबुक्कीत उडी मारून चढणं-उतरणं तर अजिबात नको.

चालणं बंद करू नका, त्याचे तुकडे करा. सलग अर्ध्या तासाऐवजी दहा-दहा मिनिटं तीनदा. शिवाजी पार्कचा कट्टा याला फार चांगला, कारण लागेल तिथं बसता येतं. पण पूर्ण फेरी किलोमीटरच्या वर भरते, सुरुवातीला एक बाजू जाऊन परत या. व्यायाम किंवा चालणं वाढवताना एक हिशोब ठेवा: आज थोडं दुखलं आणि उद्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर चालेल. उद्याही वाढलेलंच असेल तर मात्रा कमी करा.

व्यायाम फिजिओकडूनच ठरवून घ्या. खुब्याच्या बाजूचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट झाल्याशिवाय चाल सुधारत नाही. ओट्याला धरून पाय बाजूला नेणं आणि उंच खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे दोन व्यायाम सासूबाईंना सर्वांत उपयोगी पडले. झोपून पाय सरळ उचलायचा व्यायाम बरेच जण आपल्या मनानं करतात. त्यानं जांघेत कळ वाढत असेल तर तो थांबवून फिजिओला सांगा.

खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. खोल सोफा नको, इंडियन टॉयलेटला कमोड खुर्ची लावा. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं याबद्दल सर्जनला स्पष्ट विचारा. ऑपरेशन मागून झालं असेल तर नियम कडक असतात. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवा.

मालिशवाल्याला किंवा हाड बसवणाऱ्याला खुब्याला हात लावू देऊ नका. जोरानं पिळून, वळवून सांधा निखळू शकतो. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजलेली कळत नाही. पॅरासिटामॉल ठरवून दिलेल्या मात्रेत ठीक आहे. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल, तर केमिस्टकडून स्वतःच्या मनानं दुखण्याची जोरदार गोळी आणू नका.

महिने गेले तरी दुखतंय

सहा महिन्यांनंतरही कळ कमी होण्याकडे वळत नसेल, तर "वय झालं" एवढ्यावर समाधान मानू नका. दर भेटीला वहीची तुलना करून दाखवा. एक्स-रे ठीक, रक्त ठीक आणि तरी दुखतंय, अशा वेळी सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन पाहतात. त्यानं दुखणं तात्पुरतं थांबलं तर मूळ सांध्यात असण्याची शक्यता वाढते. नाही थांबलं तर कंबर, नस, स्नायू यांच्याकडे वळता येतं. हाड कुठं जास्त कामात आहे हे दाखवणारा बोन स्कॅनही करतात, पण बिनसिमेंटच्या दांडीभोवती हाड पहिली वर्ष-दोन वर्षं कामात असतं, त्यामुळे लवकर केलेला स्कॅन गोंधळात टाकू शकतो.

दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. मुंबईत सरकारी, महापालिकेची आणि खासगी, सगळ्या प्रकारची ऑर्थोपेडिक केंद्रं आहेत. शक्य असेल तर सांधे पुन्हा बदलण्याचं काम नियमित करणाऱ्या सर्जनकडे जा. फाइल, दोन्ही एक्स-रे, स्टिकर आणि वही बरोबर न्या. कुणी पुन्हा ऑपरेशन सुचवलं तर विचारा, "डॉक्टर, दुखण्याचं कारण नेमकं काय सापडलंय? ते कुठल्या तपासणीत दिसतंय?" दांडी सैल आहे, संसर्ग आहे, हाडाला तडा आहे, असं ठोस उत्तर मिळालं तर पुढचं बोलणं सुरू करा. कारण न सापडता केलेल्या दुसऱ्या ऑपरेशननंतर दुखणं तसंच राहण्याची शक्यता मोठी असते. ठोस उत्तर मिळेपर्यंत होकार देऊ नका.