सूज पूर्ण उतरू कशी द्यायची, आणि उतरत नसेल तर काय तपासायचं

पावसाळ्यात दादरच्या पुलाच्या ओल्या पायऱ्यांवर पाय मुरगळला की पुढचा क्रम ठरलेला असतो, कोणीतरी हात देऊन उठवतं, मग लंगडत लंगडत लोकल, आणि स्टेशनबाहेर पडलं की पहिला थांबा मेडिकलचा, "भाऊ, सुजेवरची एक स्ट्रिप द्या". गोळीने दुखणं दबतं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गर्दीत दीड तास उभं राहून ऑफिस, आणि मग महिनाभराने "अजून फुगलेलाच आहे हो घोटा" म्हणत डॉक्टरकडे. हे बघून खरंच जीव तुटतो, कारण सूज, म्हणजे दाह (इन्फ्लमेशन), आणणं हे शरीराचं एक काम आहे आणि सूज उतरवणं हे दुसरं, वेगळं काम आहे, त्यालाही वेळ लागतो, सामान लागतं आणि आपण मध्ये न येणं लागतं.

आत काय चालतं ते आधी बघू, म्हणजे पुढच्या सूचना पटतील. मुरगळल्यावर काही मिनिटांत तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपायला लागतात, म्हणून लाली, गरमी, फुगवटा आणि ठणका. पुढच्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्या फार जगत नाहीत, आणि साधारण एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन मेलेल्या न्यूट्रोफिल आणि फाटलेल्या पेशींचा कचरा अक्षरशः गिळून टाकतात. पूर्वी समज असा होता की सूज आणणारी रसायनं हळूहळू विरून जातात आणि सूज आपली आपण मावळते. पण १९८४ साली चार्ल्स सेरहान आणि स्वीडनमधले बेंग्ट सॅम्युएलसन या शास्त्रज्ञांच्या टीमने लिपॉक्सिन नावाची सूज उतरवणारी रसायनं शोधली, २००० नंतर सेरहान यांच्या अमेरिकेतल्या लॅबने रिझॉल्व्हिन, प्रोटेक्टिन, मॅरेसिन अशी आणखी नावं पुढे आणली, आणि चित्र स्पष्ट झालं की "आता नवीन न्यूट्रोफिल नकोत, साफसफाई सुरू करा" हा निरोप शरीर स्वतः तयार करतं. गणपतीचा मांडव घालायला माणसं लागतात तशी उतरवायलाही लागतात, नुसता उत्सव संपला म्हणून बांबू आपोआप खाली येत नाहीत, तसंच आहे हे.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या ज्या रसायनांमुळे सुरुवातीला दुखतं आणि फुगतं, तीच थोड्या वेळाने पेशींना लिपॉक्सिन बनवायला लावतात. म्हणजे सुरुवातीतच शेवटाची तयारी असते. १९९९ साली लंडनच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की सूज उतरायच्या टप्प्यात सुजेवरच्या गोळीसारखं प्रोस्टाग्लँडिन बंद करणारं औषध दिलं तर सूज उलट लांबते. माणसात दोन-चार दिवस गोळी घेतल्याने घोटा कायमचा बिघडतो असं काही नाही, घाबरू नका, पण महिना महिना रोज एक गोळी चालू ठेवायची आणि कारण बघायचंच नाही हे मात्र चुकीचं आहे.

घोटा मुरगळला तर

सगळ्यात आधी चार पावलं टाकून बघा. टाकताच येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या टेंगळाच्या मागच्या कडेला बोटाने दाबल्यावर हाडावरच कळ येत असेल तर एक्स-रे काढायचा, उद्यावर ढकलायचं नाही. तसं नसेल तर पहिले दोन दिवस पाय उशीवर, छातीपेक्षा वर राहील असा ठेवा, क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत या आणि बोटं निळी किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करा. बर्फ दुखणं कमी करायला चालतो, पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, पण दिवसभर बर्फात पाय बुडवून बसायची गरज नाही. "आराम, बर्फ, दाब, उंच ठेवणे" हा सल्ला १९७८ साली लोकप्रिय करणाऱ्या डॉक्टर गेब मिर्किन यांनीच नंतर सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उशीर लागू शकतो.

गरम शेक आणि तेलाने रगडून मालिश पहिल्या दोन-तीन दिवसांत नकोच, आई किंवा आत्या कितीही प्रेमाने तेलाची वाटी गरम करून घेऊन आली तरी, कारण झिरपणाऱ्या वाहिन्या अजून बंद झालेल्या नसतात. तिसऱ्या दिवसापासून मात्र पाय हलवायला लागा, बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढा, दुखणं सहन होईल इतपत घरात चाला. हालचालीने तिथलं रक्ताभिसरण वाढतं, साचलेलं पाणी परत जातं, स्नायूंची ताकद टिकते. गर्दीचा प्रवास शक्य असेल तर आठवडाभर टाळा, नसेल तर बॉसशी बोलून वेळ तरी बदलून घ्या.

गोळीचं म्हणाल तर आधी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचीच वेळ आली तर जेवणानंतर, थोडेच दिवस, आणि किडनीचा त्रास, अल्सर, हार्टचा आजार, बीपीची औषधं किंवा गरोदरपण यातलं काहीही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि मुंबईकरांनी हे तर भिंतीवर लिहून ठेवावं, पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन काही नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हार्टसाठी डॉक्टरांनी रोजची ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करू नका, तापात काय करायचं ते त्यांनाच फोन करून विचारा.

हे सूजच आहे का ते बघा

संध्याकाळी दोन्ही पाय जड झालेत, चपलेचा पट्टा रुतलाय, अशी तक्रार असेल तर नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून धरा. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला आणि लाली-गरमी काही नाही, तर ते पाणी साठणं आहे, त्याची कारणं हार्ट, किडनी, लिव्हर किंवा अॅम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी अशी असू शकतात, त्याला सुजेवरची गोळी देणं म्हणजे किडनीवर उलट भार. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आहे, दुखतेय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आत रक्ताची गाठ असू शकते.

उतरतच नाही तेव्हा

सूज रेंगाळते ती बहुतेक वेळा कारण तिथेच बसून असतं म्हणून. सांध्यात युरिक ॲसिडचे खडे, फुप्फुसात टीबीचे जंतू, हिरडीखाली साठलेलं किटण, रोजचा सिगरेटचा धूर. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबीसुद्धा नुसती पडून नसते, तिच्यात मॅक्रोफेज भरतात आणि ती सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते, १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचं असं रसायन सापडलं आणि डायबिटीसशी त्याचा संबंध दिसला. दुसरा प्रकार म्हणजे सफाई करणारेच दमतात. हृदयाच्या धमनीत कोलेस्टेरॉल गिळून गिळून मॅक्रोफेज तिथेच मरतात, त्यांना उचलायला कोणी पुरत नाही आणि तो मेलेला गाभा वाढत जातो, मग एक दिवस वरचं आवरण फाटतं आणि अटॅक येतो.

हार्टच्या आजारात सुजेचा हात आहे हे २०१७ च्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीने (ट्रायलने) दाखवलं, कोलेस्टेरॉल कमी न करता फक्त इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं रसायन अडवल्यावर अटॅक-स्ट्रोक साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्यांत जीवघेणे इन्फेक्शन जास्त झाले. म्हणून "अँटी-इन्फ्लमेटरी" असं लेबल दिसलं की चांगलंच, असं धरून चालू नका, सूज दाबणं आणि सूज पूर्ण उतरू देणं यात जीवाचा फरक पडू शकतो.

आता घरात काय बघायचं. सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं आखडलेली असतात आणि मोकळी व्हायला अर्धा-एक तास लागतो, असं काही आठवडे चाललंय तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, "वय झालं" म्हणून सोडू नका, आमवातात लवकर उपचार सुरू झाले तर सांधे वाचतात. ब्रश करताना रक्त येतंय का बघा. कंबर मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

आणि फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपीची, म्हणजे रक्तातून सूज मोजणाऱ्या टेस्टची, ओळ असते ती नीट वाचा. आधी युनिट बघा, मिलिग्रॅम प्रति लिटर आहे की प्रति डेसिलिटर, कारण दुसऱ्यात १ म्हणजे पहिल्यात १०, आणि यात लोकांची विनाकारण झोप उडते. लिटरमध्ये असेल तर हार्टच्या धोक्यासाठी १ च्या आत चांगलं, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर बहुतेक सर्दी, दाढ, लघवीचं इन्फेक्शन असं काहीतरी चालू असतं, ते बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करा, ताप असताना ही टेस्ट करून काही कळत नाही. एवढ्या एका आकड्यावरून सूज कुठे आहे हे समजत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी तपासायलाच लागतं.

रोजचं

दातांपासून सुरू करा, मला हे सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. हिरड्यांची सूज आणि डायबिटीस एकमेकांना वाढवतात आणि हिरड्यांवर उपचार केले की शुगरही थोडी खाली येते असं दिसलंय, त्यामुळे घरात डायबिटीस असेल तर दातांची सफाई टाळू नका, आणि मशेरी, गुटखा, तंबाखू बंद म्हणजे बंद.

रिझॉल्व्हिन बनतात ते ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ पासून, आणि ते महाग साल्मनमध्येच असतात असं नाही, आपला बांगडा आणि तारली यात भरपूर असतात आणि बाजारात सुरमई-पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. आठवड्यातून दोनदा, शक्यतो कालवण करून, रवा लावून खोल तेलात तळून नाही. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी आणि अक्रोड चांगलेच, फक्त त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचए फार थोडं होतं, हवं असेल तर शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या कॅप्सूल मिळतात. फिश ऑइलच्या मोठ्या डोसचं मात्र डॉक्टरांना विचारा, त्याने हार्टचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. हळद भाजीत, दुधात खुशाल, पण कर्क्युमिनच्या जोरदार कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, तेव्हा जपून.

चालणं रोज, स्नायू काम करतात तेव्हा सूज आवरणारी रसायनं सोडतात, पण हिवाळ्यात हवेचा एक्यूआय खराब असेल त्या सकाळी हायवेच्या कडेने नको, सोसायटीच्या आत किंवा जिन्यावर चाला. आणि झोप, रात्री एक वाजता मोबाईल आणि पाच पन्नासची लोकल हे वर्षानुवर्षं चाललं तर रक्तातले सुजेचे मार्कर वाढतात, निदान सुट्टीच्या दोन दिवसांत तरी झोपेची वेळ फार हलवू नका.

शेवटचं, गुडघेदुखीवर कोणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं तर त्यात स्टिरॉइड असू शकतं, अशी भेसळ पकडली गेलेली आहे. चेहरा गोल व्हायला लागला, शुगर वाढली तर पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा, आणि बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, ती हळूहळू कशी कमी करायची ते डॉक्टरच सांगतील. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या, शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या टेस्टचा) रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि थेट विचारा, "ही सूज कशामुळे आहे, आणि ही गोळी किती दिवस घ्यायची?"